हौशी बोट क्लब : अंदाजपत्रक पैशाचे आणि वेळेचे

मार्चअखेर जवळ आली की गावोगावच्या संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभेची आठवण होते. वाचनालय असो, तालीम असो, व्याख्यानमाला असो की नदीकाठचा बोट क्लब असो, सभेचा शिरस्ता सर्वत्र सारखाच असतो. गतवर्षीचे इतिवृत्त वाचून कायम करावयाचे, जमाखर्चास मंजुरी द्यावयाची, हिशेब तपासनीस नेमावयाचा, येत्या वर्षाचे अंदाजपत्रक संमत करावयाचे आणि आयत्या वेळच्या विषयांत चार तक्रारी ऐकून चहापानाने सभा आटोपावयाची. या साऱ्या कार्यक्रमात पै-पैची चर्चा होते. परंतु अशा संस्था ज्यांनी विनामूल्य दिलेल्या वेळावर उभ्या असतात, त्या वेळेचा हिशेब कोणी मांडीत नाही. संस्थेजवळ गेल्या वर्षी मनुष्यतास किती होते, ते कोठे खर्ची पडले आणि येत्या वर्षासाठी किती शिल्लक आहेत, असा प्रश्न सभेत विचारला गेल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

हौशी संस्थांच्या या दुखण्याचे निदान करावयाचे तर बोट क्लबासारखे उदाहरण दुसरे नाही. वाचनालय महिनाभर बंद राहिले तरी पुस्तके कपाटात सुरक्षित राहतात. होडीचे तसे नसते. ती वापरली नाही तरी उन्हाने तडकते, पावसाने कुजते, इंजिन गंजते, लाइफ जॅकेटचे बंद उंदीर कुरतडतात. आणि या दुर्लक्षाची किंमत कोणाला तरी भर पाण्यात मोजावी लागते.

साहेबांच्या क्लबापासून कृष्णाकाठापर्यंत

नौकाविहाराचा क्लब म्हटला की आपल्याकडे अजूनही साहेबी थाटाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, आणि ते अगदी निराधार नाही. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी निघालेल्या या क्लबांना पगारी खलाशांची आणि नोकरचाकरांची जोड होती. नाव पाण्यात कोणी उतरवायची आणि संध्याकाळी कोणी पुसून ठेवायची, हा प्रश्न तेथील सभासदाला पडत नसे.

यापेक्षा निराळी परंपरा पुण्यातच १९२८ साली सुरू झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब त्या वर्षी स्थापन झाला आणि मुळा नदीच्या काठचा हा क्लब विद्यार्थ्यांनीच चालवावयाचा, असा पायंडा पडला. तेथील वार्षिक रेगाटा पाहावयास पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या गर्दी करीत आले आहेत. दिव्यांच्या रोषणाईत काठावर बसलेल्या प्रेक्षकाला वल्ह्यांची शिस्त तेवढी दिसते. तिच्यामागे विद्यार्थ्यांनी केलेला सराव, दुरुस्ती, वर्गणी, परवाने आणि मंडप यांचा कित्येक आठवड्यांचा खटाटोप असतो.

सांगलीकडे आले की चित्र आणखी पालटते. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास कृष्णेचे पात्र भरलेले असताना तेथे होड्यांच्या शर्यती होतात. नदीकाठच्या गावांचे चमू लांबट होड्या घेऊन उतरतात आणि पुलावर, घाटावर माणसांची दाटी होते. या होड्या वल्हविणारे शेतकरी, विद्यार्थी, कारखान्यातील कामगार असतात. त्यांच्या क्लबाला इमारत नसेल, पण गावाची ईर्षा त्यामागे असते. तालमीचा आणि गणेशोत्सव मंडळाचा जो पिंड, तोच या क्लबांचाही पिंड होय.

नौकानयन हा केवळ धनिकांचा खेळ, ही समजूतही आता सोडावयास हवी. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. त्या यशानंतर चार दशके लोटली तरी आपल्या नद्या आणि धरणांचे जलाशय यांच्या काठी राहणाऱ्या मुलांपर्यंत हा खेळ पोहोचलेला नाही. याचे कारण म्हणून पैशाकडे बोट दाखविले जाते. ते अर्धेच खरे आहे. देणगीतून होडी एकदा मिळू शकते. ती वर्षानुवर्षे चालती ठेवणारी माणसे देणगीतून मिळत नाहीत.

पंचेचाळीस दिवस आणि तीनशे पासष्ट दिवस

कोरेगाव तालुक्याला स्वयंसेवेचे सामर्थ्य सांगावयाची गरज नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत. एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस माणसे सलग समतल चर खोदीत होती, बांध घालीत होती, आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने ५० लाख रुपयांचे पहिले पारितोषिक मिळविले. आधी निवडक ग्रामस्थांचे प्रशिक्षण, मग ठरलेली मुदत, मोजता येणारे काम आणि निकालाचा दिवस, अशी त्या योजनेची बांधणी होती. माणसे राबली यात गावकऱ्यांच्या निष्ठेचा वाटा मोठा आहेच, परंतु कामाला शेवट होता ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. आपण किती दिवस द्यावयाचे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते.

संस्थेचे काम असे संपत नाही. बोट क्लबाच्या चिटणीसाने यंदाची शर्यत पार पाडली की पुढच्या वर्षीची शर्यत त्याच्यापुढे उभी असते. मोहिमेचा उत्साह आणि संस्थेचा नेटकेपणा हे दोन भिन्न गुण आहेत. पहिला आपल्याकडे विपुल आहे. दुसऱ्याच्या अभावी कितीतरी मंडळे पाचव्या-सहाव्या वर्षी फलकापुरती उरतात. चर खोदून झाल्यावर त्यातील गाळ दरवर्षी कोणी काढावयाचा, हा प्रश्न ज्या गावांना पडला, त्यांना हा फरक चटकन समजेल.

तासांचे गणित

वेळेचे अंदाजपत्रक मांडणे अवघड नाही. समजा, कृष्णाकाठच्या एखाद्या गावात बोट क्लब आहे. सभासद चाळीस, प्रत्यक्ष काम करणारे बारा, होड्या पाच. हे बारा जण आठवड्याला सरासरी तीन तास देतात आणि सणवार, आजारपण, लग्नसराई वजा जाता वर्षाचे ४५ आठवडे हाती राहतात. म्हणजे क्लबाची वार्षिक जमा झाली १,६२० तास.

आता खर्चाची बाजू पाहावी. तीस रविवारी सरावाच्या वेळी चार माणसे चार तास काठावर आणि पाण्यात हवीत : ४८० तास. पाच होड्यांची घासणी, रंगकाम व दुरुस्ती, होडीमागे ४० तास : २०० तास. वार्षिक शर्यतीसाठी वीस माणसांचे प्रत्येकी वीस तास : ४०० तास. शाळकरी मुलांना पोहणे व वल्हविणे शिकविण्याचे वीस दिवस, रोज पाच माणसे चार तास : ४०० तास. दरमहा बारा जणांची दोन तासांची बैठक : २८८ तास. चिटणीस आणि खजिनदार यांचे पत्रव्यवहार व हिशेबाचे मिळून ३०० तास. पावसाळ्यापूर्वी पूरबचावाच्या तीन तालमी, बारा माणसे, चार तास : १४४ तास. एकूण बेरीज २,२१२ तास होते. तूट ५९२ तासांची.

रुपयांत इतकी तूट दिसली असती तर सभेत गदारोळ झाला असता. तासांची तूट कोणाला दिसतच नाही, म्हणून ती निमूटपणे भरून काढली जाते. कशी, तेही पाहण्यासारखे आहे. शर्यत रद्द करता येत नाही, कारण गावाची प्रतिष्ठा तिच्यात गुंतलेली असते. बैठका टळत नाहीत. कात्री लागते ती ज्यांच्या बाजूने ओरडणारे कोणी नाही अशा दोन बाबींना, दुरुस्तीला आणि पूरबचावाच्या तालमींना. या दोहोंचे ३४४ तास वाचले तरी २४८ तास उरतात. ते चिटणिसाच्या घरातून जातात. तो रजा काढतो, मुलांच्या अभ्यासाकडे पाहावयाचे राहून जाते आणि तिसऱ्या वर्षी 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा येतो. सभा त्याचे आभार मानते आणि तेच ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवते.

हीच तूट आधी कागदावर आली तर मार्ग अनेक आहेत. वर्षाला १३५ तास देणारे आणखी पाच कार्यकर्ते मिळवावेत. चाळीस सभासदांपैकी अठ्ठावीस जण तोवर काठावरच उभे असतात. बैठका सहावर आणल्या तर १४४ तास, म्हणजे पूरबचावाच्या तालमींचा संपूर्ण खर्च निघतो. हिशेब लिहिण्याचे काम थोडे मानधन देऊन बाहेर द्यावे. एवढ्यानेही भागत नसेल तर प्रशिक्षणाचे वीस दिवस दहावर आणावेत आणि तसे सभेला स्पष्ट सांगावे. जे झेपत नाही ते यंदा करावयाचे नाही, असा ठराव करावयास धैर्य लागते, आणि तो ठराव हाही नियोजनाचाच भाग असतो.

अर्थशास्त्राची साक्ष

या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्राने पुष्कळ केलेला आहे. १९६५ साली दोन महत्त्वाची लिखाणे प्रसिद्ध झाली. जेम्स बुकॅनन यांनी क्लबांचा आर्थिक सिद्धांत मांडला, तर मॅन्कर ओल्सन यांनी सामूहिक कृतीचे तर्कशास्त्र उलगडून दाखविले. बुकॅनन यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सभासद वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी होतो, पण गर्दीही वाढते. म्हणून प्रत्येक क्लबाला त्याच्या साधनांच्या मानाने योग्य असा आकार असतो. पाच होड्यांच्या क्लबाने वर्गणीच्या लोभाने दोनशे सभासद केले तर रविवारी सकाळी काठावर रांग लागते आणि मंडळी पुढच्या वर्षी वर्गणी देत नाहीत.

ओल्सन यांचा मुद्दा अधिक बोचरा आहे. लाभ सर्वांना मिळणार असेल तर कष्ट दुसऱ्याने करावेत असे प्रत्येकास वाटते, आणि गट जितका मोठा तितकी ही वृत्ती बळावते. 'सर्वांनी सहकार्य करावे' या आवाहनाचा म्हणूनच काही उपयोग होत नाही. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. उलट चार माणसांच्या गटाकडे तीन नंबरची होडी सोपविली आणि तिच्यावर त्यांची नावे लिहिली की ती होडी वेळेवर रंगविली जाते. ब्रिटनमधील अनेक हौशी नौका क्लबांत प्रत्येक सभासदाला वर्षातून ठरावीक दिवस पाळी करावीच लागते. कोणी बचावनौकेवर असतो, कोणी वेळ नोंदवितो, कोणी चहा करतो. वर्गणीइतकीच ही पाळी बंधनकारक समजली जाते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामाईक साधनांच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी. पाणी, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे लोक आपापसांत दीर्घकाळ सांभाळतात ती कोणत्या अटींवर, हे त्यांनी शोधले. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, ते पाळले जातात की नाही हे त्यांच्यापैकीच कोणी पाहावे आणि चुकणाऱ्यास आधी सौम्य व मग वाढता दंड असावा, असे त्यांच्या निष्कर्षांतील काही मुद्दे आहेत. पाळी चुकविणाऱ्या सभासदाला पहिल्या खेपेस समज, दुसऱ्या खेपेस महिनाभर होडी बंद, इतका साधा नियमही पुरेसा ठरू शकतो, मात्र तो सभेने केलेला असावा.

नदीचे वर्ष, माणसांचे वर्ष

बोट क्लबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते ते केवळ हिशेबवहीत. प्रत्यक्षात त्याला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. पहिले नदीचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कृष्णा आपल्या मर्जीने वाहते. त्या काळात नवशिक्याने पाण्यात उतरू नये. ऑक्टोबरनंतर प्रवाह शांत होतो आणि बंधाऱ्यांचे बरगे बसले की पाणी तुंबून राहते. शिकण्या-शिकविण्याचे दिवस हेच. उन्हाळ्यात पात्र आटते आणि धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर सारे अवलंबून राहते. होड्या काठावर ओढून डागडुजी करण्यास तो काळ योग्य.

दुसरे पंचांग माणसांचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विद्यार्थी परीक्षेत असतात, कारकून मार्चअखेरच्या कामात बुडालेले असतात, शिक्षकांच्या मागे उत्तरपत्रिका असतात. उसाच्या गळीत हंगामात तरुण शेतकरी फडात असतो आणि जूनच्या तोंडावर पेरणीत. नदीला सवड आहे आणि माणसांनाही आहे असे आठवडे वर्षात थोडेच निघतात. कार्यकारिणीने ही दोन पंचांगे शेजारी ठेवली तर ऑक्टोबर ते जानेवारी हा आपला खरा हंगाम आहे आणि शर्यतीची सारी पत्रापत्री मे महिन्यातच उरकली पाहिजे, हे वादाशिवाय ठरते.

पुराचा जाब

या नियोजनाची निकड खेळापुरती नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट समजली जाते. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, जेथे येरळा कृष्णेला मिळते, पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. होडीत तिच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे बसली होती. पाणी घरात शिरलेले असताना जिवाच्या भीतीने चढणाऱ्या माणसांना दोष देणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु त्या क्षणी 'आता एकही माणूस अधिक नाही' असे अधिकाराने सांगणारा आणि ज्याचे ऐकले जाते असा माणूस गावोगाव हवा, हे त्या दुर्घटनेने शिकविले. २०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला, तेव्हा दोन पुरांमध्ये पूर्वीइतके अंतर राहील असे धरून चालणेही आता शहाणपणाचे नाही.

पूर्वी कृष्णाकाठी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून माणसे पूर पार करीत. काहील कशी तोलावयाची याचे ज्ञान गावात होते, कारण ते दरवर्षी वापरात येत असे. पूल झाले, रस्ते झाले, आणि पाण्याशी असलेली ती ओळख कमी झाली. आज शासन गावाला रबरी बोट देऊ शकते, इंजिन देऊ शकते. पण ते इंजिन फेब्रुवारीत एकदा सुरू करून कोण पाहणार, लाइफ जॅकेट मोजून कोण ठेवणार आणि अंधारात, प्रवाह आडवा असताना होडी कशी धरावयाची याचा सराव कोण करणार? ही कामे नेमाने, हौसेने आणि विनावेतन करणारी संस्था म्हणजेच बोट क्लब. ब्रिटनमधील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही १८२४ सालची संस्था आजही मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते. तिचे नावाडी एरवी कोळी, शिक्षक, दुकानदार असतात. परंतु त्यांचा सराव कोणाच्या सवडीवर सोडलेला नसतो.

म्हणूनच वर मांडलेल्या तासांच्या गणितात पूरबचावाच्या तालमींचे १४४ तास ही पहिली कात्री लागण्याची बाब असता कामा नये. अंदाजपत्रकात ते सर्वांच्या आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यातून शर्यत बसवावी. कर्जाचा हप्ता आधी वेगळा ठेवून मग किराणा भरणाऱ्या कोणत्याही घरास हा क्रम परिचित आहे.

वारसदाराचा प्रश्न

शेवटचा प्रश्न पुढच्या चिटणिसाचा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाला एक अडचण आहे आणि तीच त्याचे वरदान ठरली आहे : अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणून चार वर्षांत सारा संच बदलतो. मागून येणाऱ्यास तयार केल्याशिवाय गत्यंतरच नसते. गावच्या संस्थेत असे बंधन नसल्याने एकच भला माणूस वीस वर्षे चिटणीस राहतो, सारे त्याच्या डोक्यात असते आणि तो थकला की संस्थाही थकते. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे कळवावयाचा असतो. अनेक संस्थांचे असे बदल नोंदविलेलेच नसतात. निधन पावलेल्या विश्वस्ताचे नाव दप्तरी राहते आणि बँकेत सही अडते. कायद्याचा धाक असो वा नसो, प्रत्येक पदाला एक उपपद असावे, तीन वर्षांनी ते पद त्याच्याकडे जावे आणि कामाची टिपणवही बरोबर जावी, एवढी शिस्त संस्थेला स्वतःला लावून घेता येते. या उपपदांवर स्त्रियांना आणि विद्यार्थिनींना आवर्जून घेतले तर आज वापरात न आलेले कितीतरी तास संस्थेच्या जमेस पडतील.

यावर कोणी म्हणेल की सेवेला घड्याळ लावू नये. तास मोजू लागलो की सेवेची मजुरी होते. हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु हिशेब मागावयाचा तो कार्यकर्त्याकडून नव्हे, संस्थेकडून. ज्याने आपले तीन तास दिले त्याच्याकडून दहा तास नकळत काढून घेणे हा त्याच्या सेवेचा अवमान आहे. वेळेचे अंदाजपत्रक हे त्याचे संरक्षण होय. मर्यादा ठाऊक असली की माणूस निर्धास्तपणे होकार देतो, आणि पुढच्या वर्षीही देतो.

येत्या सर्वसाधारण सभांची पत्रे लिहिणारी मंडळी बहुधा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थीच असतील. विषयपत्रिकेवर जमाखर्चाच्या खाली त्यांनी आणखी एक बाब घालावी : 'येत्या वर्षातील कामांचे तास व ते देणाऱ्यांची नावे'. प्रत्येक कामापुढे तास, प्रत्येक तासापुढे नाव, आणि ज्या कामापुढे नाव नाही ते त्या वर्षापुरते रद्द. नदीकाठच्या क्लबांनी पहिल्या ओळीत पूरबचावाची तालीम लिहावी आणि तिची तारीख मे महिन्यातील असावी. कृष्णेला पूर येण्यापूर्वी महिनाभर हाती असलेला तोच काळ आहे.